कऱ्हा नदीचं नाव संगणकाला का सापडत नाही?

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा. विषय वरवर तांत्रिक वाटेल, पण तो तुमच्या सातबाऱ्यापर्यंत आणि मुलांच्या दाखल्यापर्यंत पोचतो.

मी सासवडचा. आमच्या गावाजवळून वाहणारी नदी कऱ्हा. आचार्य अत्रे इथलेच, कोडीतचे. आत्मचरित्राला त्यांनी 'कऱ्हेचे पाणी' हेच नाव दिलं. आता हे 'कऱ्हा' तुम्ही ऑफिसातल्या विंडोजवर लिहा, मोबाइलवर लिहा, कुणाकडे जुना मॅक असेल तर त्यावर फाइलला नाव म्हणून द्या. तिन्हीकडे डोळ्याला एकच दिसेल. पण एका ठिकाणी लिहिलेलं दुसऱ्या ठिकाणी शोधायला गेलात, तर सापडेलच याचा नेम नाही.

यात टंकलेखन करणाऱ्याची चूक शोधू नका. यामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्या पुण्यात घडलाय. तो सांगतो.

आधी एक साधी गोष्ट. बटण दाबलं की संगणकात अक्षर जातं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात जातो एक आकडा. त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे आत बसलेली ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. उदाहरण म्हणून इंग्रजी 'एफ'चं बटण घ्या. यूएसबीचा कीबोर्ड या बटणासाठी ९ हा आकडा पाठवतो. जुन्या आयबीएम पीसीच्या पद्धतीत त्याचा आकडा ३३. लिनक्सनेही ३३ ठेवला, पण पडदा चालवणारी जी एक्स नावाची व्यवस्था आहे ती त्यात ८ मिळवते, म्हणून तिथे ४१. विंडोजमधल्या प्रोग्रामला हेच बटण ७० म्हणून कळतं. आणि मॅकवर ते असतं ३.

एकाच बटणाला पाच ठिकाणी पाच आकडे. ज्या प्रोग्रामरने विंडोजवर बसून फक्त ७० बघून काम केलं, त्याचा प्रोग्राम लिनक्सवर आंधळा होतो. इंग्रजीत ही भानगड मधल्यामध्ये मिटवली जाते, कारण या सगळ्या व्यवस्था इंग्रजी डोळ्यापुढे ठेवूनच बांधलेल्या होत्या. मराठीला मात्र प्रत्येक पायरीवर ठेच लागली.

टाइपरायटरच्याही आधीपासून सुरुवात करू. छापखान्यात देवनागरीचे खिळे शेकड्यांनी लागायचे. अक्षरं, त्यांची अर्धी रूपं, जोडाक्षरं, मात्रा, सगळ्यांचे वेगळे खिळे. इंग्रजीवाल्याचं काम त्याच्या कितीतरी कमी खिळ्यांत भागायचं. १८८१ साली पुण्यात 'केसरी' सुरू झाला. तो चालवताना लोकमान्य टिळकांना ही अडचण रोज दिसत होती, आणि देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करायची खटपट त्यांनी केली. पुढे सावरकरांनी लिपीशुद्धीत अ ची बाराखडी सुचवली. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं नकोत, अ लाच वेलांटी-उकार लावा, म्हणजे खिळे वाचतील. दोघांपुढचा प्रश्न एकच होता. आपली लिपी मोठी आणि यंत्र लहान.

मग आला टाइपरायटर. त्याच्यावर कळा जेमतेम पंचेचाळीस-शेहेचाळीस, शिफ्ट धरून नव्वदच्या आसपास खुणा. एवढ्यात मराठी बसवायची म्हणजे युक्ती हवी. मग अर्धी अक्षरं आणि काना वेगळा ठेवला. अर्धा 'ग' मारा, काना मारा, पूर्ण 'ग' झाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर. कारण कागदावर ती अक्षराच्या डाव्या बाजूला येते आणि गाडी डावीकडून उजवीकडे सरकते. 'दिवस' लिहायचं तर बोट आधी वेलांटीवर, मग 'द'वर. यंत्राला उच्चाराशी देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त कागदावरची जागा कळत होती.

१९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला, सरकारी कामकाज मराठीत यायला लागलं आणि मराठी टायपिस्टला भाव आला. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडजवळ एक तरी टायपिंग इन्स्टिट्यूट असायचीच. परीक्षा घेणार पुण्यातलीच महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. मराठी ३० शब्द, मराठी ४० शब्द. त्या सर्टिफिकेटवर हजारो घरांत पहिली नोकरी आली. कोर्टाबाहेर, तहसीलबाहेर टेबल टाकून बसलेल्यांची पोटं त्यावर भरली. रेमिंग्टनची ती मांडणी लोकांच्या बोटांत इतकी मुरली की डोळे मिटूनही हात चालावेत.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा पेच या मुरलेल्या बोटांचा आहे.

आता १९८० चं दशक. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणायचं काम सुरू झालं होतं. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि हे काम इथे, गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात आलं. सी-डॅक म्हटलं की आपल्याला 'परम' महासंगणक आठवतो. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने तिथलं 'जिस्ट'चं काम कमी मोलाचं नव्हतं.

त्या वेळचे पीसी डॉसवर चालायचे आणि डॉसला देवनागरी ठाऊकच नव्हती. जिस्टवाल्यांनी एक कार्ड तयार केलं. ते पीसीच्या पोटात बसवायचं. कीबोर्डकडून येणारा आकडा ते कार्ड मधेच अडवायचं, त्याचं भारतीय अक्षर करायचं आणि पडद्यावर तेच अक्षर काढून दाखवायचं. वरच्या प्रोग्रामला पत्ताही लागायचा नाही. त्यामुळे वर्डस्टार किंवा डीबेससारख्या इंग्रजीसाठी केलेल्या प्रोग्राममध्ये मराठी लिहिता यायला लागली. ऑपरेटिंग सिस्टिम मराठी समजून घेत नाही ना, मग तिला वळसा घालून जाऊ, असा तो रोखठोक मार्ग होता.

त्याच काळात आणखी दोन मोठे निर्णय झाले. पहिला, अक्षरांना क्रमांक देणारं भारतीय मानक. त्याचं नाव इस्की. १९८८ ची एक आवृत्ती, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने ते आयएस १३१९४ म्हणून पक्कं केलं. दुसरा निर्णय म्हणजे इनस्क्रिप्ट कळफलक. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच बटणावर, जड अक्षराला शिफ्ट. आणि भारतातल्या सगळ्या लिप्यांना मांडणी तीच. मराठी शिकलात तर त्याच बोटांनी कन्नड किंवा बंगालीही लिहिता येईल. कल्पना फार सुंदर होती.

पण इथे एक गंमत झाली. ऱ्हस्व वेलांटी रेमिंग्टन पद्धतीच्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये एफच्या बटणावर आहे. इनस्क्रिप्टमध्येही ती एफच्याच बटणावर. बटण एकच, पण क्रम उलटा! इनस्क्रिप्टने उच्चाराचा क्रम धरला. आधी 'द', मग वेलांटी. कागदावर ती डावीकडे आली तरी जिभेवर 'द' आधी येतो आणि संगणकाने साठवायचं ते जिभेप्रमाणे. शास्त्र म्हणून हे बरोबरच होतं. शोधायला, वर्णानुक्रम लावायला हाच क्रम लागतो. पण वीस वर्षं वेलांटी आधी मारलेल्या टायपिस्टला हे सांगणार कोण? शिकवलं कुणी? सर्टिफिकेट तर रेमिंग्टनचंच मिळत होतं.

मग विंडोज आलं आणि १९९० च्या दशकात सगळ्या शिस्तीवर पाणी पडलं.

विंडोज ९५, ९८ ला देवनागरी येत नव्हती. डॉसच्या काळातल्या कार्डाची जागा आता फॉन्टने घेतली. युक्ती अशी की संगणकाला सांगायचं, हे इंग्रजीच आहे. फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार चिकटवायचा. कृतिदेवमधला 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, मोठा बी आणि एच, बस्स. फॉन्ट काढून घेतला की उरतो इंग्रजी अक्षरांचा कचरा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी आलं, सी-डॅकचं आयएसएम आलं, बंगळुरूचं आकृती आलं. प्रत्येकाचे आकडे वेगळे. एकाच अक्षराला कुणाकडे हा क्रमांक, कुणाकडे तो. शिवाय ही सॉफ्टवेअर मुख्यतः विंडोजपुरती. कीबोर्डचा आकडा अडवायची त्यांची रीत त्या सिस्टिमशी बांधलेली, ती उचलून दुसरीकडे नेता येत नव्हती.

या सॉफ्टवेअरना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. ती नसती तर त्या वीस वर्षांत मराठी पेपर, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि निवडणुकीचे जाहीरनामे निघालेच नसते. नारायण पेठेतल्या, शनिवार पेठेतल्या डीटीपीवाल्यांनी यावरच संसार केले. पण गरज भागली म्हणजे प्रश्न सुटला, असं आपण धरून चाललो.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी कामाला लागलो तेव्हा हाच जमाना होता. तालुक्यातून बातमी पाठवायची तर फ्लॉपीत बातमीबरोबर फॉन्टही टाकावा लागायचा. तिकडे दुसरी आवृत्ती असली तर मात्रा उडायच्या, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचे. फोन यायचा, "अहो, तुमची बातमी उघडत नाही, वाचून दाखवा." मग एसटीडी बूथवर उभं राहून पाणीटंचाईची सहाशे शब्दांची बातमी वाचायची आणि पलीकडचा ती पुन्हा टाइप करायचा. त्या काळातल्या माझ्या बातम्यांच्या सीडी माझ्याकडे आजही आहेत. उघडतात, पण आत मराठी नाही, इंग्रजी अक्षरांचा चिवडा आहे. सासवड-जेजुरी पट्ट्यातल्या कितीतरी ग्रामसभा आणि टँकरचे हिशेब त्या चिवड्यात पडलेत. माझ्यासारखे महाराष्ट्रभर किती वार्ताहर असतील? किती सरकारी कार्यालयांचे किती आदेश असेच पडून असतील? कागद निदान वाळवीपासून वाचवला तर वाचता येतो.

उपाय तिकडे जगात तयार होत होता. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक, सिस्टिम कोणतीही असो. देवनागरीचा भाग बांधताना त्यांनी आपल्या १९८८ च्या इस्कीचाच आधार घेतला. म्हणजे भारतीय मानकासाठी इथे झालेला विचार जगाच्या कोशात गेला. ऱ्हस्व वेलांटीचा क्रमांक ठरला २३६७. हाच क्रमांक इस्कीत होता २१९ आणि कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये १०२, म्हणजे निव्वळ इंग्रजी छोटा एफ.

विंडोज २००० मध्ये देवनागरी आत आली. तिच्यासोबत 'मंगल' हा फॉन्ट आला. तो घडवणारे प्रा. र. कृ. जोशी, आपले मराठी सुलेखनकार आणि कवी. लिनक्सवर 'लोहित' फॉन्ट आले. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातल्या मंडळींनी त्यावर आणि लिनक्समधल्या भारतीय भाषांच्या टंकनावर बरंच काम केलं. बघा, पुन्हा पुणे.

झालं, आता सगळं सुटलं असं वाटावं इतपत ही गोष्ट येते. आणि इथेच कऱ्हा आडवी येते.

'कऱ्हा'मधला पापणीसारखा दिसणारा तो अर्धा र. हिंदीत तो नाही, मराठीत मात्र पावलोपावली आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं तर भाषण होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाक. अत्र्यांच्या गावचा माणूस म्हणून हा फरक मला जरा जास्तच जवळचा! शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांना, जिल्हाधिकाऱ्यांकडे असले शब्द टाळून सरकारी पत्र लिहून दाखवा बरं.

युनिकोडमध्ये हा र लिहायच्या दोन रीती मान्य आहेत. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दुसरी, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग ह. ही दुसरी रीत जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून चालू ठेवली गेली. जुन्या मॅकची फाइल व्यवस्था आणखी तिसरंच करायची. ऱ मोडून र आणि खालचं टिंब असे दोन तुकडे साठवायची. म्हणजे 'कऱ्हा' पहिल्या रीतीने पाच चिन्हांचा, दुसऱ्या रीतीने सहा चिन्हांचा आणि मॅकवर सहाच पण वेगळ्या सहांचा. पहिला आणि तिसरा प्रकार एकच धरावा असा नियम युनिकोडमध्येच आहे. दुसऱ्याला तोही नियम लागू होत नाही. शिवाय ते अदृश्य चिन्ह एखाद्या प्रोग्रामने निरुपयोगी समजून गाळलं की उरतो 'कर्हा'. रफारवाला. तशी नदी पुरंदर तालुक्यात नाही.

दुसरं अक्षर ॲ. ॲप, ॲडव्होकेट, ॲम्ब्युलन्स. मराठीत हा उच्चार आपण अ वर चंद्र देऊन लिहितो. पण युनिकोडमध्ये हे अक्षरच नव्हतं! होतं ते हिंदी वळणाचं ऍ, ए वर चंद्र असलेलं. ॲ ला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, राज्य सरकारच्या वर्णमालेच्या शासन निर्णयात ॲ ला अधिकृत जागा मिळाली. पण तोपर्यंत लोक थांबले होते थोडेच? कुणी ऍ वापरला, कुणी अ ला चंद्र चिकटवला, कुणी मधे अदृश्य चिन्ह घातलं. ते सगळं लिखाण आजही तसंच आहे. एक 'ॲडव्होकेट' शोधायला चार वेळा शोधावं लागतं.

आता याला वेगवेगळ्या सिस्टिमची जोड द्या. विंडोजचा मराठी कीबोर्ड, लिनक्सचा मराठी कीबोर्ड आणि मॅकचा देवनागरी कीबोर्ड, सगळे इनस्क्रिप्टचंच नाव सांगतात. क, ख, ग जागच्या जागी असतात. पण ॲ, ते अदृश्य चिन्ह, २०१० साली आलेलं रुपयाचं चिन्ह, ही मागाहून आलेली मंडळी कुणी कुठे बसवली, कुणी कुठे. मोबाइलवर तर प्रत्येक कंपनीची वेगळी तऱ्हा.

आणखी एक अनुभव बऱ्याच जणांनी घेतला असेल. विंडोजवर मराठी कीबोर्ड चालू असताना कंट्रोल-सी दाबलं तर कॉपी होतं. लिनक्सवरच्या काही प्रोग्राममध्ये होत नाही. कारण विंडोजमधला प्रोग्राम ते बटण अजूनही 'सी'च समजतो. लिनक्समधल्या त्या प्रोग्रामला इनस्क्रिप्टप्रमाणे ऐकू येतं 'कंट्रोल-म'. आणि 'म' नावाची आज्ञा त्याला कुणी शिकवलेली नाही.

इंजिनिअरिंगच्या किंवा डिप्लोमाच्या पोरांना विचारा. कॉलेजात टर्बो-सी वर लिहिलेला प्रोग्राम एक बटण दाबताच चालतो. तोच लिनक्सवर नेला की आधी तयारच होत नाही, कारण बटण वाचायची ती सोय डॉसच्या बाजूची. तिच्याऐवजी साधी रीत वापरली तर एंटर दाबेपर्यंत लिनक्सचा टर्मिनल काही पुढे सोडत नाही. पूर्ण ओळ झाल्यावरच तो ती प्रोग्रामच्या हातात देतो. आणि इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं, तर आपली वेलांटी आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते. २२४, १६४ आणि १९१. एकेक बाइट वाचणाऱ्या प्रोग्रामच्या हाती वेलांटीचा एक तृतीयांश तुकडा येतो. त्याने त्याचं काय करायचं? तो प्रश्नचिन्ह किंवा चौकोन दाखवून मोकळा होतो. सरकारी फॉर्मवर नावाच्या जागी तुम्ही जे चौकोन पाहिलेत, त्यातले बरेचसे असेच जन्माला येतात.

मोबाइलने मात्र एक मोठं काम केलं. सुरुवातीला तिथेही हाल होते. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावायची आणि देवनागरी फक्त ७०, म्हणून आपण सगळे रोमन लिपीत मराठी लिहायला लागलो. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर तर मराठीऐवजी चौकोनच दिसायचे. पण नंतर बोलून लिहायची सोय आली, इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी उमटवायची सोय आली. संगणकावर 'गमभन', 'बरहा' यांनी हाच रस्ता आधी करून दिला होता. आज भाजीवाल्या मावशी व्हॉट्सॲपवर मराठीत भाव टाकतात. त्यांना इनस्क्रिप्ट ठाऊक नाही आणि असायची गरजही नाही.

मग अडलंय कुठे? अडलंय सरकारी खिडकीवर.

मध्यंतरी ओळखीच्या एका शेतकऱ्याबरोबर एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. त्यांच्या आडनावात हा ऱ्ह आहे. ऑपरेटरने आडनाव टाकलं, यादी कोरी. "नोंदच नाही तुमची." पुन्हा टाकलं, कोरी. गट नंबर टाकल्यावर नोंद निघाली, तेच नाव, तेच आडनाव, शब्दाला शब्द सारखा. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, सिस्टिमला प्रॉब्लेम आहे." त्या मुलाचा यात काही दोष नव्हता. नोंद कधीतरी एका सॉफ्टवेअरने जोडचिन्हाच्या रीतीने झाली होती आणि तो शोधत होता टिंबवाल्या ऱ ने. सिस्टिमच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. त्या गृहस्थांना गट नंबर पाठ होता म्हणून निभावलं. ज्या म्हातारीला तो पाठ नाही, तिने काय करायचं? तिला सांगतील, प्रतिज्ञापत्र आणा, की हे नाव आणि ते नाव एकाच व्यक्तीचं आहे. दोन नावं आहेतच कुठे? फरक आहे तो एका न दिसणाऱ्या खुणेचा, आणि त्यासाठी स्टँपपेपरचे पैसे तिने द्यायचे.

बोऱ्हाडे, कुऱ्हाडे, गोऱ्हे, खऱ्याखुऱ्या माणसांची आडनावं आहेत ही. कऱ्हाड अख्खं शहर आहे.

यात आणखी एक गट चिरडला गेला, ते म्हणजे जुने टायपिस्ट. गोदरेजने २००९ साली टाइपरायटर बनवणं थांबवलं. टाइपरायटरवरच्या परीक्षाही गेल्या दशकात बंद होऊन संगणकावर आल्या. पण चाळीस-पन्नाशीच्या लोकांची बोटं रेमिंग्टनची. युनिकोडवर या म्हटलं, पण तीच मांडणी सगळ्या सिस्टिमवर मिळेल अशी सोय सरसकट करून दिली नाही. मग जुना फॉन्ट सोडवत नाही. वर्षानुवर्षं आदेश निघतात आणि तरी कुठल्यातरी कार्यालयातून जुन्या फॉन्टमधलं पत्र येतंच. लोक आळशी आहेत म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. हाताला लागलेलं वळण एका परिपत्रकाने बदलत नसतं.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. पेढे वाटले, ढोल वाजले, मीही बातमी केली. पण अभिजात भाषेतलं आडनाव सरकारी यादीत सापडायला नको का? मला तीन गोष्टी कराव्याशा वाटतात आणि त्यात एकही महागडी नाही.

पहिली. राज्याच्या प्रत्येक पोर्टलने शोध घेताना या सगळ्या रीती एकच समजाव्यात. टिंबवाला ऱ आणि जोडचिन्हाचा र, ॲ आणि त्याची बाकी रूपं. जाणत्या प्रोग्रामरला हे फार मोठं काम नाही. पोर्टल ताब्यात घेताना 'कुऱ्हाडे' आणि 'ॲड.' टाकून बघा. विंडोज, लिनक्स, मोबाइल, तिन्हीकडून टाकून बघा. सापडलं तरच बिल पास करा.

दुसरी. जुन्या फॉन्टमधलं सरकारी आणि सार्वजनिक लिखाण युनिकोडमध्ये आणायची एक ठरीव मोहीम हवी. तो फॉन्ट ओळखणारी माणसं अजून आहेत. पेठांतले ते डीटीपीवाले आता साठीला आलेत. आकडा बघून 'हे अमुक आवृत्तीचं' असं सांगणारे लोक गेले की ते चिवडे कायमचे चिवडे राहतील. नगरपालिका, ग्रंथालयं, पेपरांची कार्यालयं, सगळ्यांचाच हा प्रश्न आहे.

तिसरी. शाळेत संगणकाच्या तासाला मराठी कळफलक शिकवा. इंग्रजी टायपिंग शिकवता ना, मग अर्धा तास हेही. 'कऱ्हा' लिहायला इनस्क्रिप्टवर पाच बटणं लागतात. के, शिफ्ट धरून जे, डी, यू, ई. शिफ्ट-जे म्हणजे टिंबवाला ऱ. मुलं दोन दिवसांत शिकतील, आपल्यालाच शिकवतील.

आता तुमच्याकडे एक काम. ज्यांच्या आडनावात किंवा गावाच्या नावात ऱ्ह, ऱ्य किंवा ॲ आहे, त्यांनी मतदार यादीत, सातबाऱ्यावर, रेशनच्या यादीत आपलं नाव आधी मोबाइलवरून आणि मग संगणकावरून शोधून बघा. एकीकडे सापडलं आणि दुसरीकडे नाही असं झालं, तर कोणतं संकेतस्थळ आणि कोणतं यंत्र एवढं खाली लिहा. तुमचा नंबर, पत्ता, कागदाचा फोटो काही टाकू नका, नुसतं स्थळाचं नाव पुरे. पन्नास नोंदी जमल्या की ती यादी घेऊन मी संबंधित खात्याकडे लेखी अर्ज देणार आहे. उत्तर काय येतं ते इथेच कळवीन.